लोकनायक आणि लोकांचं मशीन

गणेशपुरीच्या कुंडात उतरायचं तर थंडीत, पहाटे उतरावं. भीमेश्वराच्या देवळाजवळच्या त्या गरम पाण्यावर वाफ तरंगत असते, गंधकाचा वास नाकात बसतो आणि पाच मिनिटांत कपाळावरून घाम ओघळायला लागतो. बाहेर आलं की पहिली आठवण होते ती तहानेची. वज्रेश्वरीच्या रस्त्याला शहाळीवाला दिसला की एक शहाळं होतं, मग दुसरं. किती पाणी पोटात गेलं हे कुणी मोजत नाही.

आमच्या गावातले एक काका मात्र मोजतात. आठवड्यातून तीन दिवस ते भिवंडीला डायलिसिसला जातात. दिवसभराचं पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवतात आणि दोन वेळचा चहासुद्धा त्या हिशेबातून वजा करतात. शहाळं तर पूर्ण बंद. त्यांच्या ओटीवर एक जुना फोटो आहे. खादीचा कुर्ता, जाड फ्रेमचा चष्मा, थकलेला पण शांत चेहरा. कुणीतरी नातेवाईक असतील असं मला बरीच वर्षं वाटायचं. ते जयप्रकाश नारायण निघाले. काका १९७४ साली कॉलेजात होते, त्यामुळे फोटो का लावलाय हा प्रश्नच नव्हता. पण त्यांनी जाता जाता सांगितलं की आपण आज ज्या मशीनवर आहोत, तसल्याच मशीनवर जेपी शेवटची चार वर्षं जगले, आणि त्या चार वर्षांतच त्यांनी केंद्रातलं सरकार पाडलं.

माझ्यासाठी जेपी म्हणजे आणीबाणीच्या प्रश्नातले पाच मार्क. किडनीचा भाग आम्हाला कुणी शिकवला नव्हता. म्हणून शोधत गेले.

आधी किडनीचंच बघू, कारण पुढची गोष्ट तिच्याशिवाय कळत नाही. आपल्या मुठीएवढ्या दोन किडन्या कमरेच्या वर, पाठीच्या बाजूला असतात. प्रत्येकीचं वजन साधारण १५० ग्रॅम. हृदय जेवढं रक्त फेकतं त्याचा जवळपास पाचवा हिस्सा सतत या दोघींकडे जातो. प्रत्येकीत सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. दिवसभरात या गाळण्यांतून जवळजवळ १८० लिटर पाणी गाळलं जातं आणि त्यातलं बाहेर पडतं फक्त दीड-दोन लिटर. बाकी सगळं परत रक्तात. म्हणजे किडनी कचरा फेकणारी आहे हे आपण शाळेत शिकलो ते अर्धंच खरं. तिचं मोठं काम परत घेण्याचं आहे. सोडियम किती ठेवायचं, पोटॅशियम किती सोडायचं, पाणी किती राखायचं, हे ती क्षणाक्षणाला ठरवते.

कुंडातून बाहेर आल्यावर नेमकं हेच होतं. घामातून पाणी आणि मीठ गेलेलं असतं. रक्त जरासं घट्ट झालं की मेंदूला ते लगेच कळतं. तिथून एक हार्मोन सुटतं आणि ते किडनीला पाणी धरून ठेवायला लावतं. लघवी कमी होते, गडद पिवळी होते. मीठ कमी पडलं तर किडनीवर बसलेली अॅड्रिनल ग्रंथी दुसरं हार्मोन पाठवते आणि किडनी सोडियम अडवून धरते. मग आपण दोन शहाळी पितो. त्यातलं जादा पाणी आणि ढीगभर पोटॅशियम तास-दोन तासांत ती गुपचूप बाहेर काढायला घेते. आपल्याला पत्ताही लागत नाही. काकांच्या किडनीला हे जमत नाही, म्हणून शहाळं बंद. रक्तातलं पोटॅशियम साडेतीन ते पाच या आकड्यांच्या मध्ये राहावं लागतं. ते फार वर गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि हृदय बंदही पडू शकतं.

परीक्षा सोडून पळालेला स्कॉलर

जयप्रकाशांचा जन्म ११ ऑक्टोबर १९०२ चा, सिताब दियारा गावातला. हे गाव गंगा आणि घाघरा या दोन नद्यांच्या बेचक्यात आहे. पुराचं पाणी दारात येणं तिथे नवलाचं नव्हतं. पोरगा हुशार होता. स्कॉलरशिप मिळवून पाटण्याच्या कॉलेजात सायन्सला गेला. अठराव्या वर्षी लग्न झालं. प्रभावती चंपारण सत्याग्रहात गांधीजींबरोबर असलेल्या ब्रजकिशोर प्रसाद यांची मुलगी. १९२१ साली असहकाराची हाक आली आणि परीक्षा अवघ्या वीस दिवसांवर असताना जयप्रकाशनी कॉलेज सोडलं. आपल्याकडे सबमिशन चुकलं तरी घरात महिनाभर वातावरण तापतं, त्यामुळे याचा अंदाज करून बघा.

पुढे ते अमेरिकेला गेले. ८ ऑक्टोबर १९२२ ला कॅलिफोर्नियात उतरले. खिशात फारसं काही नव्हतं. द्राक्षांच्या मळ्यात काम केलं, फळं पॅक केली, हॉटेलात भांडी घासली. आधी केमिस्ट्री आणि केमिकल इंजिनिअरिंगच्या वाटेने निघाले, फी परवडेना तसं विद्यापीठ बदलत राहिले आणि विस्कॉन्सिनला पोचल्यावर मार्क्स वाचून पक्के समाजवादी झाले. विषय बदलला, समाजशास्त्रात एमए केलं. इकडे प्रभावती गांधीजींच्या आश्रमात राहत होत्या आणि त्यांनी ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं होतं. सात वर्षांनी नवरा परत आला तेव्हा त्याला ही गोष्ट स्वीकारावी लागली. त्याने ती स्वीकारली आणि शेवटपर्यंत पाळली. या नात्यावर वेगळा लेख होईल, इथे जागा नाही.

महाराष्ट्राशी त्यांचं नातं जुळलं ते तुरुंगात. १९३२ साली अटक होऊन ते नाशिकच्या सेंट्रल जेलमध्ये आले. तिथे अच्युत पटवर्धन, नानासाहेब गोरे, मिनू मसानी, अशोक मेहता अशी तरुण मंडळी आधीच होती. बराकीतल्या त्या चर्चांतूनच पुढे १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. बेचाळीसच्या चळवळीत ते हजारीबागच्या तुरुंगात होते. दिवाळीच्या रात्री धोतरं एकमेकांना बांधून पाच साथीदारांसह भिंतीवरून पलीकडे उतरले. एका रात्रीत देशभरच्या तरुणांचे हिरो झाले. पुढच्या वर्षी सप्टेंबरात पुन्हा पकडले गेले आणि लाहोरच्या किल्ल्यात त्यांची चौकशी झाली. रात्री-रात्री झोपू न देणं हा त्या चौकशीचा भाग होता.

त्याच १९४३ साली, नाझींच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, विल्यम कोल्फ नावाचा तरुण डॉक्टर एक विचित्र यंत्र चालवून बघत होता. लाकडी पट्ट्यांचा ढोल, त्यावर गुंडाळलेली सेलोफेनची नळी. ही नळी मूळची सॉसेजच्या आवरणासाठी बनलेली. नळीतून पेशंटचं रक्त जायचं आणि ढोल क्षारांच्या पाण्यात फिरायचा. रक्तातली घाण सेलोफेनच्या बारीक भोकांतून पाण्यात उतरायची. पहिले बरेचसे पेशंट दगावले. १९४५ मध्ये एक बाई वाचली. लाहोरच्या कोठडीतल्या कैद्याला याची गंधवार्ता असायचं कारण नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या आहेत हे मला तारखा लिहिताना दिसलं, आणि काढून टाकावंसं वाटलं नाही.

पुण्यातले एकवीस दिवस

स्वातंत्र्यानंतर नेहरूंच्या मंत्रिमंडळात जागा मिळवणं त्यांना अवघड नव्हतं. ते गेले नाहीत. कामगार संघटना बांधत राहिले. त्यातच १९५२ सालचं एक प्रकरण आहे, जे फार कमी सांगितलं जातं. पोस्टमनांच्या संघटनेचे ते अध्यक्ष होते. संपाच्या काळातल्या पगाराबद्दल सरकारने तोंडी आश्वासन दिलं, जेपींनी त्यावर विश्वास ठेवला, कागदावर काही घेतलं नाही. सरकारने शब्द फिरवला. आपण लिहून घेतलं नाही म्हणून गरीब पोस्टमनांचं नुकसान झालं, ही चूक आपलीच, असं मानून त्यांनी एकवीस दिवस उपास केला. पुण्यात, डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात. सरकारवर दबाव टाकण्यासाठी नव्हे, स्वतःच्या निष्काळजीपणाचं प्रायश्चित्त म्हणून. वय एकोणपन्नास.

एकवीस दिवस अन्न नाही म्हटल्यावर माणूस नुसता अशक्त होतो असं आपल्याला वाटतं. आत चाललेलं काम भलतंच गुंतागुंतीचं असतं. पहिल्या एक-दोन दिवसांत लिव्हरमधली साठवलेली साखर संपते. ती साखर पाण्यासकट साठवलेली असते, म्हणून सुरुवातीला लघवी भरपूर होते आणि वजन झपाट्याने उतरतं. लघवीतून मीठही जातं. मग शरीर चरबी जाळायला लागतं. त्यातून आम्लं तयार होतात आणि ती बाहेर जाताना सोडियमला बरोबर ओढून नेतात. हे असंच चाललं तर माणूस आठवड्याभरात कोसळेल. इथे किडनी डाव बदलते. आम्ल बाहेर न्यायला ती स्वतः अमोनिया बनवते आणि सोडियम वाचवते. काही दिवसांत लघवीतलं मीठ जवळजवळ थांबतं. शिवाय मेंदूला लागणारी थोडीफार साखर बनवण्यातही ती मोठा वाटा उचलते. एरवी हे काम मुख्यतः लिव्हरचं. पोटॅशियम मात्र तिला पूर्ण अडवता येत नाही, ते थोडं थोडं जातच राहतं. म्हणून लांब उपास सोडताना एकदम पोटभर खाणं उपासापेक्षा धोक्याचं असतं. अन्न आलं की उरलंसुरलं पोटॅशियम आणि फॉस्फेट रक्तातून पेशींत शिरतं आणि हृदयाचा ताल चुकू शकतो. हे वाचून कुणी डिटॉक्सच्या नावाखाली प्रयोग करू नये, एवढं सांगून ठेवते.

जेपी त्या उपासातून उठले. किडन्यांनी साथ दिली होती. पण उठलेला माणूस वेगळा होता. चांगलं का वागायचं, या प्रश्नाला मार्क्सवादाकडे उत्तर नाही, असं त्यांना पुण्याच्या त्या खाटेवर पडून वाटायला लागलं. तिथून ते विनोबांकडे वळले. आपल्या रायगडातल्या गागोद्याचे विनोबा तेव्हा भूदानासाठी पायी देश फिरत होते. १९५४ मध्ये बोधगयेला जेपींनी उरलेलं आयुष्य या कामाला देऊन टाकलं. पक्ष सोडला, निवडणुका सोडल्या. पुढची वीसेक वर्षं ते सत्तेच्या राजकारणाबाहेर राहिले. बिहारच्या दुष्काळात अन्न पोचवलं, चंबळच्या डाकूंनी त्यांच्या शब्दावर बंदुका खाली ठेवल्या. १९७३ च्या एप्रिलमध्ये प्रभावती कॅन्सरने गेल्या. त्यानंतर ते पार एकटे पडले. मधुमेह होता, हृदयाचा त्रास होता. सत्तरी ओलांडली होती. गोष्ट इथे संपली असती तरी कुणी काही म्हटलं नसतं.

पुन्हा कॉलेजची पोरं

१९७४ च्या मार्चमध्ये महागाई आणि भ्रष्टाचाराविरुद्ध बिहारमधले विद्यार्थी रस्त्यावर उतरले. पोलिसांनी गोळ्या चालवल्या. मुलं जेपींकडे गेली आणि नेतृत्व करा म्हणाली. ते तयार झाले, पण हिंसा नाही ही अट घालूनच. ५ जूनला पाटण्याच्या गांधी मैदानावर त्यांनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली आणि विद्यार्थ्यांना एक वर्ष कॉलेज सोडून यायला सांगितलं. काकांच्या मित्रांत यावर तेव्हा कडाक्याची भांडणं झाली म्हणे. वर्ष वाया घालवायचं की नाही, हा प्रश्न तेव्हाही सोपा नव्हता. वीस दिवसांवरची परीक्षा सोडलेला माणूसच तो विचारत होता, एवढंच.

४ नोव्हेंबरला पाटण्यात मोर्चावर लाठ्या चालल्या. जेपींच्या डोक्यावर बसणारा फटका मध्ये पडून ज्यांनी हातावर झेलला ते नानाजी देशमुख, मूळचे हिंगोलीकडचे. हात मोडला. विचारांनी दोघे एकमेकांपासून बरेच लांबचे होते.

२५ जून १९७५ ला दिल्लीच्या रामलीला मैदानावर जेपींची सभा झाली. त्याच रात्री आणीबाणी लागली आणि पहाट व्हायच्या आत त्यांना अटक झाली. जुलैपासून त्यांना चंदीगडच्या पीजीआय हॉस्पिटलात स्थानबद्ध ठेवलं होतं. एकटेच. भेटायला मोजकी माणसं, बाकी पुस्तकं आणि डायरी. चंदीगडचे तेव्हाचे जिल्हाधिकारी एम. जी. देवसहायम यांनी त्या महिन्यांवर नंतर पुस्तक लिहिलं आहे. सप्टेंबरच्या अखेरीस पोटात जोरदार दुखलं. त्यानंतर तब्येत उतरत गेली. नोव्हेंबर उजाडेपर्यंत अंगावर सूज होती, अन्नावरची वासना गेली होती. कैदेत मृत्यू झाला तर देशभर काय उसळेल याची धास्ती सरकारला होती. १२ नोव्हेंबरला त्यांना तीस दिवसांच्या पॅरोलवर सोडलं. आधी दिल्ली, मग २२ तारखेला मुंबई, पेडर रोडचं जसलोक. दोन्ही किडन्या कायमच्या निकामी झाल्याचं तिथे स्पष्ट झालं.

कैदेत हयगय झाली, किंवा मुद्दाम काही केलं, असा संशय त्यांच्या जवळच्या अनेकांना शेवटपर्यंत होता. दुसरीकडे, मधुमेह हे किडनी खराब होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे. रक्तातली जादा साखर वर्षानुवर्षं त्या बारीक गाळण्या जाड आणि सच्छिद्र करत नेते. आधी लघवीतून प्रथिनं जायला लागतात, पेशंटला काही जाणवतही नाही. बरंचसं काम बंद पडेपर्यंत किडनी तक्रार करत नाही. उरलेले नेफ्रॉन गेलेल्यांचं काम अंगावर घेतात आणि सोडियम-पोटॅशियमचे आकडे जवळपास ठीक दिसत राहतात. मग एक दिवस तेही थकतात आणि सगळं एकदम कोसळल्यासारखं वाटतं. पण म्हणून प्रश्न मिटत नाही. मधुमेह असलेला, हृदयरोगी, बहात्तर वर्षांचा म्हातारा सरकारच्या ताब्यात होता, चोवीस तास डॉक्टरांच्या नजरेखाली होता. त्याची किडनी चाललीय हे त्याला आणि त्याच्या माणसांना वेळेवर सांगणं कुणाचं काम होतं? मला तरी हा प्रश्न कटकारस्थानाच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो.

जसलोक, आणि एकेक रुपया

जसलोकचं उद्घाटन दोनच वर्षांपूर्वी, जुलै १९७३ मध्ये, झालं होतं. करणाऱ्या पाहुण्या होत्या पंतप्रधान इंदिरा गांधी.

तिथले किडनीतज्ज्ञ डॉ. एम. के. मणी यांनी जेपींवर उपचार सुरू केले. त्या वयात आणि त्या हृदयाला प्रत्यारोपण झेपणारं नव्हतं. उरलं डायलिसिस. कोल्फचं यंत्र तोवर बरंच सुधारलं होतं. सगळ्यात मोठी अडचण होती दर वेळी नवी रक्तवाहिनी फोडण्याची. ती सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी १९६० मध्ये सोडवली. पेशंटच्या हातावर कायमची बसवलेली टेफ्लॉनची नळी. तेव्हापासून किडनी गेलेला माणूस महिनोन्महिने, वर्षानुवर्षं जगू शकायला लागला. ही नळी निघाली नसती तर हा लेख नोव्हेंबर १९७५ च्या सुमारासच संपला असता.

मशीन करतं काय, तर किडनीची ढोबळ नक्कल. पातळ पडद्याच्या एका बाजूने रक्त वाहतं, दुसऱ्या बाजूने ठरावीक प्रमाणात क्षार घातलेलं पाणी. ज्या बाजूला एखादी गोष्ट जास्त, तिथून ती कमी असलेल्या बाजूला सरकते. अकरावीच्या केमिस्ट्रीत डिफ्यूजन शिकलो तेच. पाण्यात युरिया नसतो, म्हणून रक्तातला युरिया तिकडे जातो. पोटॅशियम कमी ठेवलेलं असतं, म्हणून रक्तातलं जादा पोटॅशियम तिकडे. सोडियम रक्ताच्या जवळपास ठेवतात, नाहीतर तेही वाहून जाईल. आणि दाब देऊन साचलेलं पाणी ओढून काढतात. एका वेळेला चार-पाच तास.

फरक आहे तो हिशेबाच्या पद्धतीत. किडनीचा हिशेब रोजच्या रोज, खरं तर दर मिनिटाला. मशीनचा आठवड्यातून दोन-तीनदा, एकरकमी. मधल्या दिवसांत प्यायलेलं पाणी अंगातच राहतं, पायात उतरतं, जास्त झालं तर फुप्फुसात भरतं. दोन डायलिसिसच्या मध्ये एखादं केळं किंवा मोसंबी जास्त झालं तरी हृदयाला धोका. आणि मशीनवर बसल्यावर दोन-तीन दिवसांचं पाणी काही तासांत काढलं जातं, त्यामुळे ब्लडप्रेशर पडतं, पायात गोळे येतात, उठताना गरगरतं. काका परतल्यावर तो दिवस झोपूनच असतात. दुसरा दिवस बरा. तिसऱ्या दिवशी पुन्हा भिवंडी. काम करायचं तर त्या बऱ्या दिवसात.

या सगळ्याला पैसा लागतो. जेपींकडे मालमत्ता अशी नव्हती. सर्वोदयाच्या कार्यकर्त्यांनी मशीनसाठी लोकांना प्रत्येकी एक रुपया द्यायचं आवाहन केलं. आणीबाणी चालू होती, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, आणि ज्याला देशाचा शत्रू ठरवलं होतं त्याच्या उपचाराला पैसे देणं म्हणजे नाव नोंदवून घेण्यासारखंच. तरी पैसे आले. १९७६ मध्ये पंतप्रधान मदतनिधीतून नव्वद हजार रुपयांचा चेक आला. तो जेपींनी परत पाठवला. मशीन लोकांच्या पैशातून झालं. काकांच्या वडिलांनी पाच रुपये दिले होते, घरातल्या पाच माणसांचे. पावती घेतली नाही, असं काका सांगतात. तेव्हा पावती ठेवणं शहाणपणाचं नव्हतं.

तब्येत जरा सावरल्यावर जेपी पाटण्याला, कदमकुआँतल्या घरी गेले आणि डायलिसिस तिथे सुरू राहिलं. हा माणूस आता काही करू शकणार नाही असं दिल्लीत अनेकांना वाटत असावं. १८ जानेवारी १९७७ ला इंदिरा गांधींनी अचानक निवडणूक जाहीर केली. विरोधकांचे नेते नुकते कुठे तुरुंगातून सुटत होते. चार पक्ष, चार तोंडं. एकत्र आलात तरच मी प्रचार करेन, असं जेपींनी बजावलं. पाच दिवसांत जनता पक्ष उभा राहिला.

आणि मग तो बऱ्या दिवसांचा प्रचार सुरू झाला. ६ फेब्रुवारीला पुन्हा रामलीला मैदान. लोकांनी घरी बसावं म्हणून दूरदर्शनने त्या रविवारी बॉबी लावला. ऋषी कपूर-डिंपल, तेव्हाचा सुपरहिट, तोही फुकट. तरी मैदान भरलं. त्यानंतर पाटणा, कोलकाता, मुंबई, पुणे, इंदूर. एरवीच्या नेत्यांचे दौरे सभांच्या वेळा बघून ठरतात. जेपींचे ठरायचे डायलिसिसच्या वेळा बघून. मशीनपासून किती लांब जायचं आणि किती दिवसांत परतायचं, याला एक मर्यादा होती आणि ती हायकमांडने नव्हे, पोटॅशियमने घातलेली होती. बोलायचे हळू, थांबत. मैदान शांत बसून ऐकायचं.

मार्चमध्ये निकाल लागला. स्वतः इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या. २४ मार्चला राजघाटावर जनता पक्षाच्या खासदारांना जेपींनी एकजुटीने काम करायची शपथ दिली. पद घेतलं नाही. घेण्याचा प्रश्नही नव्हता.

पुढचं त्यांनी पाहायला नको होतं, असं मला वाटतं. शपथ घेतलेली माणसं वर्षभरात एकमेकांच्या उरावर बसली. पंतप्रधान कोण, गृहमंत्री कोण, कुणी कुणाला काढलं, यातच सरकार झिजलं. जेपी मधून मधून समजावत राहिले, पत्रं लिहीत राहिले. कुणी फारसं ऐकलं नाही. जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाईंना राजीनामा द्यावा लागला.

त्याआधी मार्चमध्ये एक अजब गोष्ट घडली. जेपी पुन्हा जसलोकमध्ये होते, अवस्था नाजूक होती. कुठून तरी चुकीची बातमी दिल्लीला पोचली आणि खुद्द मोरारजींनी लोकसभेत जेपी गेल्याचं जाहीर केलं. श्रद्धांजल्या झाल्या, सभागृह तहकूब झालं, रेडिओचे नेहमीचे कार्यक्रम थांबले, शाळा-दुकानं बंद झाली. आणि इकडे पेडर रोडवर जेपी जिवंत होते. त्या काळात व्हॉट्सअॅप नव्हतं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. काही आठवड्यांनी त्यांना हा प्रकार सांगितला तेव्हा ते नुसतं हसले.

तिथून बाहेर पडून ते पाटण्याला परतले आणि आणखी काही महिने जगले. कदमकुआँतल्या त्या घरातच ८ ऑक्टोबर १९७९ ला गेले, सत्त्याहत्तरावा वाढदिवस तीन दिवसांवर असताना. सत्तावन्न वर्षांपूर्वी, याच तारखेला, ते केमिस्ट्री शिकायला कॅलिफोर्नियाच्या बंदरात उतरले होते.

हे सगळं लिहून झाल्यावर काकांना वाचून दाखवायला गेले होते. तो त्यांचा बरा दिवस होता. त्यांनी दोन चुका काढल्या, त्या दुरुस्त केल्यात. मग चहा आला. त्यांच्या कपात अर्धाच होता, आणि त्यांनी बाटली उचलून उरलेलं पाणी उजेडात धरून पाहिलं.